तोंड पुंडलिकरावचं, हात मधुकरचे

रामाकोन्याच्या आजूबाजूले कोणाच्याही संत्र्याच्या बागेत उभं राहा अन् विचारा, का बावा, कलमा कोठून आणल्या? तर तो म्हणीन, मधुकरच्या. लोधीखेड्याले विचारा, बोरगावले विचारा, तेच सांगतीन. ज्याच्या घरी दोनशे झाडं त्याच्या मधुकरच्या, अन् ज्याच्या आंगणात एकच झाड त्याचंही मधुकरच्याच हातचं. फक्त एक बाग अशी होती का तिच्यात मधुकरच्या हातची काडी नाई. अन् ती बाग कोठं? मधुकरच्या नर्सरीच्या समोरच, रस्ता ओलांडला का. पुंडलिकरावची.

पुंडलिकराव कलमा आणाले पार शेंदूरजन्याकडे जाये. गाडी करून आणे, अर्ध्या कलमा रस्त्यातच माना टाकत, पण मधुकरच्या दारात पाय ठेवला नाई त्यानं. अन् मधुकर काय करे, तर दरसाली पंचवीस कलमा बाजूले काढून ठेवे. साऱ्यात तरतरीत, सरळ खोडाच्या. गिऱ्हाईकानं त्यायच्याकडे बोट दाखवलं का म्हणे, "थ्या नाई देत. थ्या गेल्या आहे." कोणाले गेल्या, ते सांगे नाई. बरसात सरली का त्या पंचवीस कलमा शाळेले देऊन टाके. सत्तावीस वर्षं असंच चाललं. शाळेचं आवार पाहा जाऊन, जंगल झालं आहे संत्र्याचं. मास्तर म्हणे, "मधुकरभाऊ, आता पोट्टे कोठं बसवू मी?"

तर हे काहून, ते आधी सांगतलं पायजे.

दोघांच्या वावराच्या मंधात एक विहीर. बाप-आज्यापासून दोघांची. दोन दिवस याचं पाणी, दोन दिवस त्याचं. बत्तीस वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात पाणी खाली गेलं अन् पाळीवरून दोघांची जुंपली. मधुकर तेव्हा पस्तिशीचा, डोक्यानं गरम. हातात फावडं होतं, तेच हाणलं. पुंडलिकरावनं हात आडवा केला नसता तर डोक्यातच बसलं असतं. उजवा कोपर मोडला. दवाखान्यात बांधला, पण वाकडाच जुळला. आजही तो हात खांद्याच्या वर जात नाई.

आता हात सगळ्यांचाच हात असते, पण पुंडलिकरावचा हात जरा वेगळा होता. आपल्याकडे खडी गंमत होते न, त्यात तो राजाचा पार्ट करे. तलवार उपसून असा हात वर केला का सौंसरच्या बाजारात बसलेले लोक हातातला चिवडा खाली ठेवत. हात गेला अन् राजा गेला. मंग त्यानं तोंडाले रंगच लावला नाई.

मधुकरनं कोर्टात वकिलाचंही ऐकलं नाई. जज्जसाहेबानं विचारलं तर म्हणला, "हो जी, मारलं." पाच वर्षांची सजा झाली. घरी देवकाबाई अन् लहान पोरगा. सुटून आला तर घरी पाणीही न पिता तो आधी पुंडलिकरावच्या दारी गेला. पुंडलिकराव बाजेवर बसला होता. यानं हात जोडले, तर त्यानं तोंड भिंतीकडे केलं. शिवी दिली असती तरी चाललं असतं मधुकरले. दोन थापडा मारल्या असत्या तर घरी येऊन पोटभर जेवला असता तो. पण माणूस बोलतच नाई म्हटल्यावर काय कराचं? देवकाबाई म्हणे, "सोडा न आता. नाई बोलत तर नाई बोलत." तो म्हणे, "एक शब्द बोलला पायजे तो माझ्याशी, मराच्या आधी. कोणताही. बस."

अन् कलमा बांधाचं तो कोठं शिकला, तर जेलातच. तिथं दादाराव म्हणून एक म्हातारा कैदी होता, सारी उमर नर्सरीत गेलेली. जेलाच्या बागेत त्यानं मधुकरले हाताखाली घेतलं. जंबेरीचं, म्हणजे रानलिंबाचं रोप, त्याच्या सालीत चीर पाडाची, संत्र्याच्या काडीवरचा डोळा, म्हणजे बारीक कोंब, त्यात बसवाचा, अन् पट्टी बांधाची. इतलंच काम, पण चीर पाडाले चाकू लागते. अन् कैद्याच्या हातात चाकू देईन कोण? मंग जेलच्या साहेबानं तोडगा काढला. चाकूले हातभर सुतळी, अन् सुतळीचं दुसरं टोक शिपायाच्या पट्ट्याले. कैदी खाली बसला का शिपाईही बसला. कैदी दुसऱ्या वाफ्यावर सरकला का शिपाईही सरकला. बुढा शिपाई आधी रोज शिव्या देये. पाचव्या वर्षी तोच म्हणे, "मधुकर, आज तू सुतळी पकड, मी डोळा बांधतो."

तर असा हा मधुकर. आता सदुसष्ट वर्षांचा. नातीचं नाव पूनम, सौंसरले कालेजात जाते, अन् तिच्या डोक्यात पिक्चरचं वेड.

संक्रांत होऊन गेली होती. मधुकर शेडमंधी बसून पट्ट्या कापून राहिला होता. पूनम मोबाईल घेऊन आली. "आबाजी, एक पिक्चर पाहा. इंग्रजी आहे, लय जुना, रंगही नाई त्याले. एका कैद्याचा. खरा कैदी होता म्हणते तो, त्याच्याच जिंदगीवर आहे."

"मले इंग्रजी समजीन का वो?"

"पाहा तर खरं."

पाहाले बसला तर उठलाच नाई. चहा थंडा झाला, त्यावर साय आली. देवकाबाई दोनदा येऊन गेली. बोलणं एक समजे नाई, पण मधुकर मंधात मंधात मान हलवे, "हाव... हाव... असंच." पिक्चर सरला तर पूनमनं विचारलं, "कसा वाटला हिरो?"

"माणूस पक्का आहे," मधुकर म्हणला. "जेल कसा होता, भिंती कशा होत्या, ते सोडून दे. ते कोणीही बनवीन. त्याचे हात पाह्यले का तू? बसला का हात कोठं ठेवाचे ते समजत नाई त्याले. मांडीवर ठेवते, मंग उचलते, मंग पोटाशी धरते. जेलात हाताले कामच नसते न पोरी. तिथं हातच आधी म्हातारे होते. अन् काम भेटल्यावर तो कसा बदलला, पाह्य! चेहरा तोच, पण हात जवान झाले. हे त्याले कोणी सांगतलं असन?"

पूनम त्याच्याकडे पाहतच राहिली. अन् तिथंच तिनं ठरवलं. "आबाजी, मी तुमच्यावर पिक्चर काढीन. कालेजात दाखवाचं आहे आमाले, अर्ध्या घंट्याचा."

"माझ्यावर? लोक हासतीन."

"हासू द्या."

"काम मी नाई करणार. एकदा केलं थे पुरं झालं."

मंग हिरो शोधाले लागली पूनम. भेटला अंकुश. बसस्टॉपजवळ मोबाईलचं दुकान आहे त्याचं. दंड फुगवलेले, केसाले सोनेरी रंग, चष्मा कपाळावर. शेडमंधी जेल बनवला. संत्र्याच्या पेट्या रचून भिंत केली, पोराबारांनी बांबूचे गज बनवून त्याले काळा रंग दिला. अंकुश गज पकडून असा रडला, असा ओरडला, "मैं बेकसूर हूं!" का रस्त्यावरची म्हैस बुजली.

मधुकर म्हणला, "अरे पण मी कसूरवारच होतो न बावा."

"काका, पब्लिकले रडणं पायजे."

"पहिल्या दिवशी कोणी रडत नाई बाप्पा जेलात. पहिल्या दिवशी संडास कोठं आहे ते पाहाचं असते."

दुसऱ्या दिवशी जेवणाचा सीन होता. कैद्यांची रांग, जर्मनच्या ताटल्या, पातळ पाण्यासारखी दाळ, दोन जाड पोळ्या. बारा माणसं बोलावले होते गावातले, कैदी व्हाले. पूनमनं आजीले आदल्या दिवशीच सांगतलं, "आजी, पातळ दाळ अन् जाड पोळ्या करजो. बेचव पायजे."

देवकाबाई "हाव" म्हणली. पण सकाळी उठून चुलीपाशी बसली, अन् हात वळेच ना. बारा माणसं आपल्या दारात रांगेनं बसतीन अन् त्याहिच्या ताटात पाणी वाढाचं? तिच्या सासूनं, तिच्या मायनं असं कधी केलं नव्हतं. मंग काय, केला गोळाभात, दाळीच्या गोळ्यायचा. वरून फोडणीचं तेल. वांग्या-आलूची रसरशीत भाजी, कढी, अन् पापड. कॅमेरा सुरू झाला अन् कैदी असे जेवले, का विचारू नोका. एक कैदी म्हणला, "वहिनी, गोळा अजून एक." दुसऱ्यानं पोटावरून हात फिरवून ढेकर दिला. शिपाई झालेला गजेंद्र, पुंडलिकरावचा पुतण्या, तो बंदूक भिंतीले टेकवून रांगेतच बसला.

पूनम डोक्याले हात लावून बसली. "आजी! हा जेल आहे का लग्न?"

"तर काय उपाशी मारू लोकायले? तुहा पिक्चर आज आहे अन् उद्या नाई. मले या गावात राहाचं आहे."

मधुकर हासता हासता खोकलला. "असं जेवण भेटलं असतं तर मी अजून पाच वर्षं राह्यलो असतो."

"राहा न मंग, जा," देवकाबाई म्हणली, अन् त्याच्या ताटात तिसरा गोळा टाकला.

तो सीन गेला. अन् तिसऱ्या दिवशी हिरोही गेला. पूनम म्हणली, केस बारीक कापा लागतीन, कैदी आहे न. अंकुश दोन्ही हातानं डोकं धरून मागं सरकला. "बुधवारी मले पोरगी पाह्याले जाचं आहे पांढुर्ण्याले. टकला जाऊ का?" गेला निघून.

आता हे सारं चालू असताना, रस्त्याच्या त्या बाजूले नालीवरच्या पुलियावर पुंडलिकराव रोज येऊन बसे. पुतण्याले पाहाले येतो म्हणे. तोंड बागेकडे, पण मान जराशी तिरपी. पूनम शेडच्या दारात उदास बसली होती, अन् अंकुशच्या जागी शेजारचा सागर चालून दाखवून राहिला होता, छाती काढून, फौजीसारखा. तर पुलियावरून आवाज आला.

"पोरी! जेलातून आलेला माणूस असा नाई चालत."

पुंडलिकराव उठला, रस्ता ओलांडला. सत्तर वर्षांचा माणूस, धोतर, डोक्यावर टोपी, वाकडा हात पोटाशी. मधुकर आत पेट्यांच्या मागं होता, तिथंच थिजला.

पुंडलिकराव आंगणात आला अन् चालून दाखवलं.

बाप्पा! डावा खांदा खाली. पाय उचलून नाई टाकत, जमिनीवरून ओढत. तीन पावलांवर एकदा मागं पाहणं. शेडच्या दारापाशी आला अन् थांबला. दार सताड उघडं होतं, पण तो थांबला. खाली मान घालून उभा राह्यला, कोणी "जा" म्हणीन याची वाट पाहत. मंग गजेंद्र नुसता "काका?" म्हणला, तेव्हा आत पाय टाकला.

देवकाबाईच्या हातातली परात खाली आली. "वो माय! हे तर हेच आहे! पूनमचे आबाजीच!"

"दारापाशी थांबते तो," पुंडलिकराव पूनमले म्हणला, जसा काही मधुकर तिथं नाईच. "सत्तावीस वर्षं झाले सुटून, अजून थांबते. सोतःच्या घरच्या दारापाशी थांबते. कोणी म्हटल्याबिगर आत जात नाई. तुमाले दिसलं नाई का कधी?"

देवकाबाईले नव्हतं दिसलं. इतके वर्षं ती चुलीपासून "या न, उभे काहून?" म्हणे, अन् तिले वाटे नुसतीच सवय आहे आपली म्हणाची. मधुकरले तर सोतःलेच माहीत नव्हतं. पेट्यांच्या मागं तो उभा होता अन् त्याच्या डोक्यात एकच फिरून राहिलं होतं. हा माणूस तोंड फिरवून बसत होता, पण पाहत होता. रोज पाहत होता. घरच्याहून जास्त.

पूनमनं तिथंच हात जोडले. "पुंडलिक आबाजी, तुमीच करा न पार्ट."

पुंडलिकरावनं टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला. वर आधीच पांढरे, बारीक केस. "कापाचीही गरज नाई," म्हणला. पण अट घातली. "मी याच्याशी बोलणार नाई. याले काही सांगाचं असन तर तुह्या तोंडून सांगावं."

मंग काय गंमत! दोघं चार हातांवर उभे, अन् मंधात पूनम. मधुकर म्हणे, "पूनम, त्याले सांग, कंबल असं नाई घेत, डोक्यावरून घेते." पूनम सांगे. पुंडलिकराव म्हणे, "त्याले म्हण, सांगतलं ते समजलं, आता तिथून सरकावं त्यानं, त्याची सावली पडते." पूनम तेही सांगे. तिसऱ्या दिवशी पूनम कंटाळून म्हणली, "मी चहा प्याले चालली. तुमी दोघं मनातल्या मनात सांगा एकमेकाले."

फावड्याच्या सीनचं विचारलं, तर पुंडलिकराव म्हणला, "तो सीन नको. त्यात माझा पार्ट होऊन गेला आहे." सारे हासले. मधुकरले हासावं का रडावं समजलं नाई. पूनमनं मंग नुसती विहीर दाखवली, अन् पाटातून वाहणारं पाणी.

पण मधुकरले एक गोष्ट दिसे. दिवसागणिक पुंडलिकराव सरळ होऊन राहिला होता. सकाळी सगळ्यायच्या आधी येये. येताना दाढी केलेली, टोपी धुतलेली. सीन झाला का पूनमले म्हणे, "अजून एकदा घेऊ का? मघाशी नजर जरा लवकर उचलली मी." घरचे म्हणत, बुढा रात्री झोपेत बोलते आता, अन् जेवते दोन भाकरी जास्त.

मंग आला कलमाचा सीन. साऱ्या पिक्चरचा जीव त्यात. कैदी पहिल्यांदा डोळा बांधते, चाकूची सुतळी शिपायाच्या पट्ट्याले. पूनमले हात पायजे होते, अन् तोंडही पायजे होतं, दोन्ही एकाच वेळेले. अन् पुंडलिकरावचा हात तर वाकडा. चाकू पकडला तरी मनगट फिरे ना. एकदा केलं, दोनदा केलं, जंबेरीचं रोपच मोडलं. त्यानं चाकू खाली ठेवला. तोंड उतरलं त्याचं, जसं बत्तीस वर्षांपूर्वी उतरलं असन. उठाले लागला.

मधुकरले पाहवलं नाई. तो पूनमले म्हणला, "कंबल आहे न त्याच्या आंगावर? मोठं कंबल आहे. मी त्याच्या मागं बसतो. माझे हात समोरून काढतो. तोंड त्याचं राहू दे."

पूनमनं पुंडलिकरावकडे पाह्यलं. पुंडलिकरावनं जमिनीकडे पाह्यलं. मंग बसला खाली.

मधुकर मागून येऊन बसला, गुडघे दोन्ही बाजूले, छाती त्याच्या पाठीले. वरून कंबल. मधुकरचे हात पुंडलिकरावच्या बगलेखालून निघाले, अन् पुंडलिकरावचे आत लपले. आता समोरचं दिसाले पायजे न, तर मधुकरनं हनुवटी त्याच्या खांद्यावर ठेवली. गजेंद्र शिपाई बाजूले उकिडवा बसला, सुतळी पट्ट्याले. दोघं मिळून एकच म्हातारा होऊन गेला, चार पायाचा. समोर पोट्टे तोंडात रुमाल घालून बसले होते.

"ॲक्शन," पूनम म्हणली.

मधुकरनं चाकू घेतला. लाखभर डोळे बांधले असतीन त्या हातानं, अन् आज चाकू दोनदा कंबलाले पुसला. पुंडलिकरावचं काळीज धडधडते ते त्याले छातीत ऐकू येऊन राहिलं होतं. चीर पाडली उभी. मंग आडवी. साल उघडली.

अन् पुंडलिकराव म्हणला, "तुही दाढी टोचून राहिली बे."

पूनमच्या हातातला मोबाईल हालला. देवकाबाईनं पदर तोंडाले लावला. "तुही" म्हणला होता तो. "त्याची" नाई, "तुही."

मधुकरनं बत्तीस वर्षं विचार केला होता, हा बोलला तर मी काय म्हणीन. कित्येकदा मनात पाठ केलं होतं. अन् तोंडातून निघालं, "न्हावी लग्नाले गेला आहे."

"बत्तीस वर्षं भेटले तयारीले, अन् दाढी न करता आला."

"पुंडलिक, तुह्या हाताचं..."

"समोर पाह्य समोर! डोळा उलटा लावशीन."

खरंच उलटा लावत होता तो. डोळ्याचं तोंड खाली. रामाकोन्याचा मधुकर कलमवाला, डोळा उलटा! आधी गजेंद्र फुटला, मंग पोट्टे, मंग देवकाबाई. कंबलाच्या आत दोघांचे पोटं हालून राहिले होते. मधुकरले कळे ना का हासून राहिला का रडून. पूनम ओरडली, "कट! नाई, कट नाई! हासू नोका! परत घेऊ! आबाजी, डोळा सरळ करा!"

परत घेतला. या वेळेले कोणी बोललं नाई. मधुकरनं डोळा सरळ बसवला, अंगठ्यानं साल दाबली, पट्टी फिरवली एकावर एक, गाठ मारली. सुतळी सुटली अन् दोघं उठले. पुंडलिकराव कंबल झटकून एक शब्द न बोलता घरी गेला. मधुकर पाहतच राहिला. बोलला तो पार्टमंधी बोलला का खरंच बोलला?

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी पिक्चर दाखवला. कालेजात नंतर जाणार होता, आधी गावात. भर दुपारी शेडले चारी बाजूनं ताडपत्री लावून अंधार केला, पांढरी चादर टांगली. पुंडलिकराव समोर बसला, कोसा रेशमाचा फेटा बांधून. मधुकर मागं, पेट्यांजवळ.

पिक्चरमंधी जेवणाचा सीन पूनमनं ठेवलाच होता. कैदी गोळाभात खाऊन राहिले अन् गावाच्या हासून हासून पोटात दुखलं. मंग कलमाचा सीन आला.

मधुकरनं तो सीन केला होता, पण पाह्यला नव्हता. तेव्हा त्याची हनुवटी पुंडलिकरावच्या खांद्यावर होती, पुंडलिकरावचं तोंड त्याले दिसतच नव्हतं. आता दिसलं. पुंडलिकराव त्या हातांकडे पाहून राहिला होता. ज्या हातानं फावडं मारलं, त्याच हाताकडे. आधी डोळे बारीक केले, संशयानं. मंग चीर पडली तसे डोळे उघडले. डोळा बसवला, अंगठ्यानं साल दाबली, तर त्याच्या तोंडावर असं काही आलं, का जसं बारीक लेकरू पहिल्यांदा बोट पकडते अन् माणूस हालत नाई, का लेकरू सोडीन म्हणून. रडला नाई. ओठही हालला नाई. नुसता पाहत राह्यला.

मधुकरले त्या इंग्रजी पिक्चरवाल्याची आठवण आली. तो पक्का होता. पण हा पाहा.

पिक्चर सरला. टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या. अंकुश म्हणला, "काका, तुमी तर एक नंबर!" पांढुर्ण्याची पोरगी पक्की झाली होती त्याची, तर तो खुशीतच होता. लोकायनं पुंडलिकरावले खांद्यावर घ्याचं चालवलं, तो म्हणला, "हात सांभाळा बे, एकच चांगला आहे." साऱ्यायशी बोलला. मधुकरकडे आला नाई. गर्दीतच निघून गेला.

मधुकर रात्री जेवला नाई. देवकाबाईले म्हणला, "सरला पिक्चर. आता तो पुन्हा भिंतीकडे तोंड करीन."

"दाढीचं तर बोलला न. तुमालेच एक शब्द पायजे होता."

"हाव," तो म्हणला. "पण आता अजून पायजे."

सकाळी तो नर्सरीत वाफ्याले पाणी देऊन राहिला होता. फाटक उघडंच होतं. वर पाह्यलं तर फाटकात पुंडलिकराव. डावा खांदा खाली, मान खाली. पाय उचलून आत टाकत नव्हता. उभा होता.

मधुकर दोन मिनिटं पाहत राह्यला. मंग त्याच्या लक्षात आलं, का याले कोणी म्हटलं पायजे.

"ये न बे," तो म्हणला. "उभा काहून?"

पुंडलिकराव आत आला. "पार्ट सुटला नाई अजून आंगातून," म्हणला. "दारापाशी आलो का पायच थांबते. कसं जगला रे तू असा?"

मधुकरनं पाण्याची नळी खाली ठेवली. पुंडलिकराव इकडे तिकडे पाहून राहिला होता. "थे कलम कोठं आहे? पिक्चरवालं?"

वाफ्याच्या कोपऱ्यात, वेगळ्या पिशवीत ठेवलं होतं ते मधुकरनं. दोघं म्हातारे खाली बसले. पट्टीच्या वर हिरवा ठिपका. मुगाच्या दाण्याएवढा. डोळा फुटला होता.

"हे माझं आहे," पुंडलिकराव म्हणला.

"तुहं कसं? हात माझे होते."

"तोंड माझं होतं. पब्लिक तोंडाले पैसे देते."

"मंग घेऊन जा. पण अजून सालभर इथंच राहू द्या लागीन, लहान आहे."

"सालभर? मंग मले रोज येऊन पाहा लागीन. तुह्या भरवशावर कोण सोडीन? तू डोळा उलटा लावणारा माणूस." त्यानं बोटानं माती दाबली, ओल पाह्यली. "पाणी जास्त झालं याले."

"कलमवाला मी आहे का तू आहे?"

देवकाबाई चहा घेऊन आली होती, फाटकापाशीच थांबली होती. तिनं विचारलं, "अन् लावसान कोठं मंग, भाऊजी? तुमच्या बागेत का आमच्या?"

दोघायनं एकमेकाकडे पाह्यलं.

"विहिरीपाशी," पुंडलिकराव म्हणला. "दोन दिवस याचं पाणी, दोन दिवस माझं. कधीच वाळणार नाई." मंग मधुकरकडे वळला. "अन् त्या पंचवीस कलमा, दरसाली शाळेत देते थ्या... या वर्षी नोको देऊ. मास्तर रडून राहिला बिचारा. गाडी पाठवतो मी."

मधुकरनं चहाची कपबशी दोन्ही हातानं धरली. बशीतला चहा जरासा सांडला, ते कोणी पाह्यलं नाई, पुंडलिकराव सोडून.